पद्मिनी-अँबेसिडरला इंजेक्शन: कार्बोरेटर सगळ्यात शेवटी काढा

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब ९२-९३ किलोपास्कल असतो, गोव्याच्या किनाऱ्यावर १०१. बेळगावात नीट सेट केलेला कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) घेऊन जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत साखळीला उतरलात की हवा आठ-नऊ टक्के दाट होते. दाट हवेमुळे व्हेंचुरीतली, म्हणजे कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातली, ओढ वाढते, पेट्रोलही थोडं जास्त येतं, पण हवेच्या प्रमाणात नाही. हिशेबाने मिश्रण चारेक टक्के लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. त्यात आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला नऊ टक्के जास्त इंधन हवं. तुमच्या गाडीचा जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, ज्या काळात पाडला, त्या काळात ते इथेनॉल आपल्याकडच्या उसातच होतं, टाकीत आलं नव्हतं.

इंजेक्शन, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरने मोजून पेट्रोल फवारणारी व्यवस्था, बसवायचं खरं कारण हे. ताकद वाढेल म्हणून कुणी यात पडत असेल तर थांबा. पन्नास हॉर्सपॉवरचं इंजिन पन्नासच्या आसपासच राहणार. मिळतं ते असं: डिसेंबरच्या पहाटे चोक न ओढता चालू होणं, मे महिन्यात खडेबाजारच्या गर्दीत पेट्रोलची वाफ होऊन बंद न पडणं, आणि घाटाच्या वर-खाली सारखंच चालणं. गाडी महिन्यातून एखाद्या रविवारी टिळकवाडीतून कॅम्पात जाऊन परत येत असेल, तर चांगल्या मिस्त्रीकडून मोठा जेट टाकून घ्या आणि पुढचं वाचू नका. तेवढ्यात भागतं.

बाकीच्यांसाठी माझं सांगणं एकच आहे. हे काम अशा क्रमाने करा की प्रत्येक टप्प्याला गाडी जुन्या कार्बोरेटरवर चालू राहील. बहुतेक अर्धवट गाड्या कशा तयार होतात? पहिल्याच दिवशी कार्बोरेटर उतरवतात, मग पाइप राहतो, वायरिंग राहतं, पावसाळा लागतो, आणि गाडी ताडपत्रीखाली जाते. कार्बोरेटर उतरवणं हे अर्ध्या दिवसाचं काम. ते शेवटी.

कागद आधी

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या नोंदींशी आणि कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी फारकत होईल असा बदल परस्पर करता येत नाही. इंजिन नंबर तोच, इंधनही पेट्रोलच, तरीही काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत विचारून घ्या: बेळगावची गाडी केए-२२, निपाणी-चिकोडीकडची केए-२३, गोकाककडची केए-४९. पीयूसी तर काढावीच लागते, आणि नीट ट्यून केलेलं इंजेक्शन तिथे फायद्याचंच ठरतं.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक गोष्ट. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, ही अट आहे. ती पाटी हवी असेल तर इंजेक्शनचा विचार सोडा. नको असेल तरी काढलेला प्रत्येक भाग, अगदी कार्बोरेटरच्या गॅस्केटपर्यंत, डब्यात घालून ठेवा.

इंजिन या लायकीचं आहे का

थकलेलं इंजिन इंजेक्शनने सुधारत नाही. उलट जुना कार्बोरेटर जे दोष झाकून घेत होता ते उघडे पडतात. तीन गोष्टी तपासा.

कॉम्प्रेशन: इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडा किती येतो यापेक्षा चार सिलिंडरमध्ये फरक किती हे महत्त्वाचं. दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा.

व्हॅक्यूम: गेज मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याला) लावून आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, वाचा. पुस्तकात १७ ते २१ इंच लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी धरतात, म्हणजे बेळगावात १५ ते १८ आलं तर इंजिन निरोगी आहे. हे माहीत नसल्यामुळे इथे उगाच व्हॉल्व्ह ग्राइंड झालेली इंजिनं असतील. काटा थरथरत असेल तर मात्र टॅपेट आणि व्हॉल्व्ह बघायलाच हवेत.

हवा घेणं: मॅनिफोल्डचं गॅस्केट, कार्बोरेटरखालचा पॅकिंगचा ठोकळा, ब्रेक बूस्टर असल्यास त्याची नळी. जुन्या गाडीत थ्रॉटलच्या (हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या) दांड्याची छिद्रंही झिजलेली असतात आणि तिथून हवा शिरते. थ्रॉटल बॉडी बदलणार असल्यामुळे ती तक्रार आपोआप जाते, बाकीच्या आत्ताच मिटवा.

एक इंजेक्टर की चार

नवशिक्याने एकच इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी विजेवरची तोटी), कार्बोरेटरच्या जागी, हा मार्ग घ्यावा. अँबेसिडरच्या १४८९ सीसीच्या बीएमसी बी-सिरीज इंजिनाला तर मी दुसरं काही सुचवणारच नाही. त्या हेडमध्ये चार सिलिंडरना हवा आत घ्यायला दोनच वाटा आहेत. दोन-दोन सिलिंडर एकाच वाटेने श्वास घेतात. प्रत्येक वाटेवर इंजेक्टर ठेवला तर जोडीतला एक सिलिंडर दुसऱ्याच्या वाट्याचं पेट्रोल पळवतो. ते टाळायला इंजेक्टर उघडण्याची वेळ अंशा-अंशाने जुळवावी लागते, कॅमचा सेन्सर लागतो. अशाच हेडच्या मिनी गाड्या असलेले इंग्लंडातले हौशी लोक यावर वर्षानुवर्षं डोकं लावताहेत. आपण त्या वाटेला जायचं नाही. शिवाय अँबेसिडरचा मॅनिफोल्ड एक्झॉस्टला लागून गरम होतो, आणि वरून एका ठिकाणी सोडलेलं पेट्रोल वाफ व्हायला ती ऊब उपयोगी पडते. ती ऊब 'हवा थंड राहावी' म्हणून कुणी बंद करायला सांगेल, ऐकू नका.

मारुती ८०० चा मामला वेगळा. तिचं ७९६ सीसीचं इंजिन कंपनीनेच आधी कार्बोरेटरवर आणि नंतर एमपीएफआयवर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरवर, दिलं. अपघातात गेलेल्या एमपीएफआय गाडीचा मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी, वायरिंग, ईसीयू (इंजेक्शन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), टाकी असा सगळा संच एकाच गाडीतून उचलता आला तर सुटं काही जमवत बसू नका. इमोबिलायझर (खरी चावी ओळखून चोरी टाळणारी व्यवस्था) असलेला ईसीयू असेल तर त्या गाडीची चावी आणि इमोबिलायझरचा डबाही घ्या, नाहीतर इंजिन दोन सेकंद चालून बंद पडेल.

इंजेक्टर किती मोठा? एका हॉर्सपॉवरला मिनिटाला साधारण सव्वापाच सीसी पेट्रोल लागतं. अँबेसिडरचे पन्नास हॉर्सपॉवर धरले तर २६२ सीसी. इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून ०.८ ने भागा: ३२८. ई-२० साठी नऊ टक्के वाढवा, झाले साधारण ३६०. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपासचं, तिला २९० पुरतं. याहून फार मोठा इंजेक्टर घेतलात तर आयडलला तो इतका थोडा वेळ उघडावा लागतो की मोजमापच हुकतं आणि गाडी नाचते. भंगारातून आणलेल्या इंजेक्टरवर आकडा नसतो. तीन बार दाबावर एक मिनिट सलग उघडा ठेवून मापाच्या काचेच्या नळीत काय भरतं ते बघायचं. हे काम उघड्यावर, विजेच्या ठिणगीपासून लांब, आणि शक्यतो इंजेक्टर टेस्टिंगचं मशीन असलेल्याकडे.

ईसीयू म्हणून मेगास्क्वर्ट किंवा स्पीड्विनो यांपैकी एक घ्या. मेगास्क्वर्ट ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकनांनी हौशी लोकांसाठी तयार केला. स्पीड्विनो आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डवर चालतो आणि त्याचं सगळं डिझाइन खुलं आहे. दोन्ही ट्यूनरस्टुडिओ या सॉफ्टवेअरवर लॅपटॉपने सेट होतात. सोल्डरिंगचा हात नसेल तर बोर्ड जोडून तपासलेलाच मागवा.

पहिला टप्पा: पेट्रोलची लाइन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण आग लागली तर इथेच लागते. कार्बोरेटरचा डायफ्रॅम पंप जेमतेम ०.२ ते ०.३ बार दाब देतो. इंजेक्शनला तीन बार लागतो, म्हणजे दहापट. जुनी रबरी नळी, स्क्रूची पट्टीवाली क्लिप, प्लॅस्टिकचा पारदर्शक फिल्टर, यातलं काहीही त्या दाबाला चालत नाही.

टाकी ते इंजिन स्टीलचा आठ मिमी पाइप घ्या. तांब्याचा नको, सततच्या थरथरीने तो कडक होऊन चिरतो. जिथे वळण किंवा हालचाल आहे तिथेच फक्त नळी, आणि तिच्यावर एसएई जे-३० आर-९ छापलेलं बघून घ्या. साधी नळी इथेनॉलने आतून फुगते आणि तिचे काळे कण थेट इंजेक्टरमध्ये जातात. क्लिप गोल, कडेने न कापणारी, इंजेक्शनसाठीचीच. फिल्टर धातूचा. पाइप सायलेन्सरच्या बाजूने नेऊ नका, आणि बॉडीतून जाईल तिथे रबराची ग्रॉमेट घाला.

आता टाकी. जुन्या टाकीत पेट्रोल परत यायला वाट नसते, आणि आत पंप बुडवायची सोयही नसते. इथे कुणीतरी टाकीला वेल्डिंग करू या म्हणेल. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. धुतली आहे, पाणी भरलं आहे, असं कितीही सांगितलं तरी माझं उत्तर नाही असंच राहील. परतीचा पाइप गेजच्या फ्लोटच्या गोल प्लेटवर काढा. ती प्लेट सुटी होऊन हातात येते, तिच्यावर टर्नरकडून निपल बसवून घेता येतं, आणि टाकीला हात लागत नाही.

पंपासाठी सर्ज टँक ठेवा, म्हणजे लिटर-दीड लिटरचं उभं भांडं. छोटा कमी दाबाचा पंप टाकीतून पेट्रोल आणून ते भरतो, त्याच्या तळातून मोठा पंप तीन बारने पुढे ढकलतो, दाब कायम ठेवणाऱ्या रेग्युलेटरकडून परत आलेलं पेट्रोल त्यातच येतं आणि जास्तीचं वरून टाकीत जातं. तवंदी किंवा चोर्ल्याच्या वळणावर पाव टाकी पेट्रोल एका कोपऱ्यात गेलं की साध्या जोडणीत पंप हवा ओढतो आणि इंजिन नेमकं वळणावर दचकतं. सर्ज टँक असला की हे होत नाही. माणसं बसतात त्या भागात तो बसवायचा नाही.

हे सगळं बसवून झालं तरी इंजिन अजून जुन्या पंपावर आणि कार्बोरेटरवरच चालतंय. नव्या लाइनच्या पुढच्या टोकाला रेग्युलेटर आणि प्रेशर गेज लावून नुसती फिरवा. पंप चालू, इंजिन बंद, दहा मिनिटं. प्रत्येक जोडाला कोरडा टिशू लावून बघा. ओला झाला तर काम झालेलं नाही. डिकीत एबीसी पावडरचा अग्निशामक या दिवसापासून कायमचा.

दुसरा टप्पा: वीज

जुन्या गाडीत डायनामो असेल तर आधी अल्टरनेटर बसवा. पंप, इंजेक्टर, कॉइल आणि ऑक्सिजन सेन्सरचा हीटर मिळून पंधरा अँपिअरच्या आसपास खातात, आणि डायनामो आयडलला जवळजवळ काहीच देत नाही. रात्री दिवे, वायपर आणि खानापूरकडचा पाऊस असा योग आला की व्होल्टेज पडतं, इंजेक्टर उघडायला उशीर होतो आणि मिश्रण लीन होतं. ईसीयू याची भरपाई करतो, पण मर्यादेत.

ब्रिटिश वंशाच्या जुन्या गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असू शकतो. बॅटरीची कुठली तार बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी बघा. उलट असेल तर आधी निगेटिव्ह अर्थ करून घ्या. नाहीतर ईसीयू पहिल्याच चावीला जळेल.

ईसीयूची आणि सेन्सरची सगळी अर्थिंग इंजिनाच्या ब्लॉकवर एकाच बोल्टला आणा, रंग खरवडून, थिंबल घालून. ब्लॉक ते बॉडी आणि ब्लॉक ते बॅटरी जाड नवीन पट्टे. निम्म्याहून जास्त 'ईसीयू बिघडला'च्या तक्रारी या बोल्टपाशी संपतात. दोन रिले: एक मुख्य, एक पंपाचा. पंपाचा रिले ईसीयूच्या ताब्यात असला पाहिजे, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबतो. त्याच तारेत धडकेला तुटणारा इनर्शिया स्विच घाला; आधुनिक गाडीच्या भंगारात मिळतो. ईसीयू डॅशबोर्डखाली, आत. बॉनेटखाली ठेवलेला ईसीयू कणकुंबीच्या जुलैत टिकत नाही.

वायरमन शोधताना कामाचा वेग बघू नका. जोड पिळून टेप गुंडाळणारा असेल तर चहा पाजून परत पाठवा. दाबून बसवलेली थिंबल, वर हीट श्रिंक स्लीव्ह, आणि प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना नंबर, हे जो न सांगता करतो तो तुमचा माणूस. आपल्याकडच्या गॅरेजात एकाच वाक्यात मराठी, कन्नड आणि दखनी येतात. तारेवरचा नंबर मात्र सगळ्यांना एकच वाचता येतो.

तिसरा टप्पा: सेन्सर, नुसते बघे म्हणून

आता सेन्सर बसवा, पण इंजिनाचा कारभार अजून त्यांच्याकडे द्यायचा नाही. ते फक्त बघतील आणि लॅपटॉपवर नोंद होईल.

क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीवर ३६ दात पाडून एक काढलेलं चाक बसवायचं. उद्यमबागेत लेझर कटिंग आणि लेथ दोन्ही आहेत, कोल्हापूरच्या उद्यमनगरातही होतं. चाक माइल्ड स्टीलचं हवं, ॲल्युमिनियम चालत नाही, कारण सेन्सरला लोखंड दिसलं पाहिजे. टर्नरला एकच गोष्ट निक्षून सांगा: पुलीवर बसवल्यावर चाक डायल गेजखाली फिरवून दाखवा. ते डुगडुगलं तर दातांचा सिग्नल वर-खाली होतो. सेन्सर आणि दात यांत सुमारे एक मिमीची फट. सेन्सरची पट्टी जाड आणि इंजिनालाच पकडलेली असू द्या, बॉडीला नाही. त्याची तार जाळीदार आवरणाची, आणि जाळी फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ केलेली.

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर थर्मोस्टॅटच्या घरात, जिथे पाणी खरोखर वाहतं. हवेच्या तापमानाचा फिल्टरच्या डब्यात. मॅप, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या, सेन्सरला मॅनिफोल्डमधून, थ्रॉटलच्या खालून, वेगळी नळी; ब्रेक बूस्टरच्या नळीत टी टाकू नका.

धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टच्या एकत्र झालेल्या पाइपवर, एम-१८ चं नट वेल्ड करून. सेन्सर आडव्यापेक्षा किमान दहा अंश वर झुकलेला असावा, म्हणजे पाण्याचे थेंब त्यात साचत नाहीत. त्याला वीज न देता इंजिन चालवू नका, काजळीने तो मरतो. वाचन लॅम्डामध्ये ठेवा, हवा-पेट्रोलच्या आकड्यात नको. लॅम्डा १ म्हणजे मिश्रण बरोबर, मग टाकीत शुद्ध पेट्रोल असो की ई-२०. आणि निम्मा गोंधळ तिथेच टळतो.

या अवस्थेत आठवडाभर गाडी वापरा. कार्बोरेटर कुठे लीन होतो, कुठे रिच (पेट्रोल जास्त), आयडलला मॅनिफोल्डचा दाब किती, सगळं नोंदलं जातं. पुढे इंजेक्शनवर गाडी दचकली तर 'आधीही अशीच होती का' याचं उत्तर तुमच्याकडे लिखित असेल. एवढ्यावर कुणी थांबलं, सेन्सर बघून जेट बदलला आणि समाधानी झालं, तरी मी वाईट म्हणणार नाही.

चौथा टप्पा: करंट

जुन्या इग्निशनमधल्या (ठिणगी पाडणाऱ्या व्यवस्थेतल्या) पॉइंट आणि कंडेन्सर यांचा विजेचा गोंगाट ईसीयूला सोसत नाही, म्हणून इग्निशन पेट्रोलच्या आधी बदलायचं. टायमिंग लाइटने जुन्या डिस्ट्रिब्युटरचं टायमिंग (ठिणगी केव्हा पडते ते) आयडलपासून दर ५०० आरपीएमला मोजा आणि तेच आकडे ईसीयूच्या तक्त्यात भरा. नवीन काही शोधू नका. कंपनीने दिलेला ॲडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी पडते ते) तुमच्या इंजिनाला चालतो हे सिद्ध झालेलं आहे. प्लग आणि लीड रेझिस्टरवाले घ्या. कॉइलला किती मिलिसेकंद वीज द्यायची ते त्या कॉइलच्या माहितीपत्रकातून. अंदाजाने जास्त दिलीत तर कॉइल तापून जाते.

ईसीयूमध्ये टायमिंग एका आकड्यावर, समजा दहा अंशांवर, पक्कं करा आणि लाइट मारून पुलीवर दहाच दिसतात का बघा. दिसत नसतील तर ट्रिगरचा ऑफसेट, म्हणजे दातांच्या चाकाच्या जागेचा ईसीयूत भरलेला अंश, बदला. हे जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही. जुळलं की गाडी कार्बोरेटरवर आणि कॉम्प्युटरच्या करंटवर चालते, आणि बऱ्याच जणांना पहिला खरा फरक इथेच जाणवतो.

पाचवा टप्पा: आता कार्बोरेटर

मारुतीच्या छोट्या गाडीची थ्रॉटल बॉडी पद्मिनी-अँबेसिडरला मापाने चालून जाते. तिच्याखाली ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा लागतो, खालची भोकं तुमच्या मॅनिफोल्डची, वरची थ्रॉटल बॉडीची, आणि कडेने तिरकं इंजेक्टरचं घर, तोंड खाली मॅनिफोल्डकडे. इंजेक्टरच्या ओ-रिंगचं माप टर्नरला इंजेक्टर हातात देऊनच घ्यायला लावा. इंजेक्टर थ्रॉटलच्या खाली असल्यामुळे रेग्युलेटरच्या व्हॅक्यूमची नळी मॅनिफोल्डला जोडा, म्हणजे दाबाचा फरक कायम तीन बार राहतो. ॲक्सिलरेटरची केबल पूर्ण उघडते आणि पूर्ण मिटते का, गाडी बंद असताना तपासा. अडकलेली केबल ही खराब ट्यूनिंगपेक्षा वाईट गोष्ट आहे. जुना डायफ्रॅम पंप काढून तिथे पट्टी लावा.

पहिल्यांदा चालू करताना

पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर मारा. लॅपटॉपवर दीडशे-दोनशे आरपीएम स्थिर दिसले पाहिजेत. मग फ्यूज लावा, दाब तीन बार होऊ द्या, गळती बघा. मग चावी. चालू झालं नाही आणि प्लग ओले आले तर सुरुवातीचं पेट्रोल कमी करा, कोरडे आले तर वाढवा. इतकंच, टायमिंगला हात लावू नका, ते आधीच जुळलेलं आहे.

इंजिन गरम झाल्यावर आयडलला लॅम्डा ०.९२ ते ०.९५ ठेवा. जुन्या इंजिनाला आयडलला १ झेपत नाही, ते अडखळतं. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाला १, आणि पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून चढताना ०.८५ ते ०.८८.

रस्त्यावरचं ट्यूनिंग

दोघं जा. एक चालवणारा, एक लॅपटॉप धरणारा. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. पहाटे वेंगुर्ला रोडला हिंडलग्याच्या पुढे हलका भार मिळतो, मोठा चढ हवा असेल तर हायवेवरचा वंटमुरी घाट. कारखाने सुरू झाले की निपाणी-चिकोडीकडे या कामाला जाऊ नका. उसाच्या ट्रॉल्यांमागे एकसारखा वेग मिळतच नाही.

इथे बेळगावकरांना एक गोष्ट वेगळी करावी लागते. ईसीयूतल्या पेट्रोलच्या तक्त्याच्या वरच्या ओळी मॅनिफोल्डच्या ९५ आणि १०० किलोपास्कल दाबाच्या असतात, आणि आपल्याकडे पूर्ण थ्रॉटललाही दाब ९२ च्या वर जात नाही. म्हणजे बेळगावात कितीही फिरलात तरी त्या ओळी कोऱ्याच राहतात. आधी खालच्या ओळींचा कल बघून त्यात जरा रिच बाजूचे आकडे भरा. मग एक दिवस काढून साखळीला उतरा आणि तिथून घाट चढताना नोंद करा. तळाशी पूर्ण दाब, वर येताना हळूहळू कमी होत जाणारा, म्हणजे एकाच चढावर सगळ्या ओळी भरतात. चढताना खडखड, म्हणजे नॉकिंग, ऐकू आली तर लगेच पाय काढा आणि त्या खान्यांत दोन अंश ॲडव्हान्स कमी करा.

ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावरची भर, गार इंजिनाची भर, चालू झाल्यावरच्या पहिल्या मिनिटाची भर, हे तीन तक्ते गरम इंजिनाचा मुख्य तक्ता पक्का झाल्यावरच हातात घ्या. गार चालूचं ट्यूनिंग दिवसाला एकदाच करता येतं, कारण इंजिन रात्रभर गार व्हावं लागतं. त्याला थंडीचा एक हंगाम जाईल. घाई नको. प्रत्येक बदलानंतर फाइल तारखेच्या नावाने जतन करा, आणि एक प्रत घरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर.

शेवटी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायच्या वस्तू: पंपाचा एक जादा रिले, सगळ्या मापांचे फ्यूज, एक जादा क्रँक सेन्सर, सेन्सरच्या फटीसाठी फीलर गेज, आणि वायरिंगचा कागदावर काढलेला नकाशा, प्लॅस्टिकच्या पिशवीत. नकाशावर तारांचे नंबर आणि रंग दोन्ही लिहा. शिरोलीच्या जंगलात बंद पडलेल्या गाडीपाशी आलेल्या मिस्त्रीला तुमचा लॅपटॉप कळणार नाही, पण तो नकाशा कळेल.